आग, अपघात आणि हातातला कॅमेरा : आपला हक्क किती?

मोहल्ल्यात आग लागते, बंब येतो आणि दहा मोबाईल वर होतात. फोटोग्राफीचा शौक असलेली आमच्या वर्गातली मुलं विचारतात, "सर, पोलीस फोन काढून घेऊ शकतात का?" पालकांनाही हे माहीत असावं, म्हणून थोडक्यात सांगतो.

हक्क काय?
सार्वजनिक रस्त्यावरून पोलीस, अग्निशमन दल किंवा ॲम्ब्युलन्सचा फोटो काढायला सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. संविधानाचे कलम १९(१)(क) अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की, शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार पोलीस ठाणे 'निषिद्ध ठिकाण' नाही. म्हणजे तिथे नुसता व्हिडिओ काढल्याने या कायद्याखाली गुन्हा होत नाही. लष्करी ठिकाणांची गोष्ट मात्र वेगळी.

हद्द कुठे?
बंबाच्या वाटेत उभे राहिलात, दोरी ओलांडलीत, तर हक्काची भाषा चालणार नाही. सरकारी कामात जाणूनबुजून अडथळा आणल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे पोलिसांची वाजवी सूचना पाळावीच लागते. "मागे व्हा" म्हटले की मागे व्हायचे. फोटो तिथूनही निघतो.

फोन मागितला तर?
हुज्जत नको, झटापट तर मुळीच नको. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलीस वस्तू जप्त करू शकतात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०६). पण जप्तीची नोंद व्हायला हवी. शांतपणे कारण विचारा, जप्तीची पावती मागा, अधिकाऱ्याचे नाव लिहून घ्या.

काय टाकू नये?
लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे (न्याय संहिता, कलम ७२). गुन्ह्यात अडकलेल्या, पीडित किंवा साक्षीदार मुलांचीही ओळख छापता येत नाही (बाल न्याय अधिनियम, कलम ७४).

जखमीचा चेहरा, घाईत बाहेर पडलेल्या बायका, मय्यत यांचे फोटो प्रत्येक वेळी कायद्यात अडकतीलच असे नाही. पण त्या घरची इज्जत आपल्या हातात असते. आम्ही मुलांना एकच सांगतो : आधी ११२ लावा, वाट मोकळी करा, मग कॅमेरा काढा.