मी न पाहिलेली किक

आजचा भाग मी न पाहिलेल्या एका किकबद्दल आहे. १२ जून २०१४, ब्राझीलमधलं साओ पावलो, फुटबॉल वर्ल्ड कपचं उद्घाटन. आपल्याकडे मध्यरात्र, आणि मी टीव्हीसमोर जागी. नाचगाणी सगळी पाहिली. पण त्याच कार्यक्रमात कमरेखाली हालचाल नसलेला २९ वर्षांचा ज्युलियानो पिंटो यंत्राचा सांगाडा अंगावर चढवून उभा राहिला, त्यानं चेंडूला पाय लावला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पडद्यावर ते जेमतेम काही सेकंद दिसलं होतं.

यामागे होते ब्राझीलचेच मेंदूशास्त्रज्ञ मिगेल निकोलेलिस. त्यांनी आधी रंगवलेलं चित्र मोठं होतं: व्हीलचेअरवरून उठायचं, मैदानात चालत जायचं आणि किक मारायची. प्रत्यक्षात झाला तो मैदानाच्या कडेला, माणसांच्या आधारानं, हलकासा धक्का. डेमोच्या आदल्या रात्री निम्मे फीचर्स गळतात हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवीन नाही. पण इथे पैसा ब्राझील सरकारचा होता. टीका व्हायचीच.

टीकेत तथ्यही होतं. २००८ मध्ये निकोलेलिस यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत आयडोया नावाची माकडीण ट्रेडमिलवर चालत होती. तिच्या मेंदूतल्या इलेक्ट्रोडचे सिग्नल इंटरनेटवरून जपानला, क्योटोला जायचे आणि तिथला रोबो पावलं टाकायचा. ट्रेडमिल बंद केली, माकडीण थांबली, तरी समोरच्या पडद्यावर रोबोचे पाय बघत तिनं त्याला जवळपास तीन मिनिटं चालवत ठेवलं! ज्युलियानोच्या डोक्यावर मात्र नुसती ईईजीची टोपी. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या लहरी टिपल्या, त्याच घराण्यातली. कवटीबाहेरून ऐकणं म्हणजे बंद दाराआडचं भांडण ऐकणं: आवाज चढला एवढं कळतं, शब्द कळत नाहीत. त्यामुळे टोपीतून मिळायची ती ढोबळ आज्ञा. चाल, थांब, किक मार. गुडघा किती वाकवायचा हे यंत्रच बघायचं.

पण टीकाकार ज्या वायरकडे बघत होते, तिच्या उलट दिशेची वायर मला जास्त महत्त्वाची वाटते. सांगाड्याच्या तळव्यांना म्युनिकच्या गॉर्डन चेंग यांच्या चमूनं केलेली कृत्रिम त्वचा होती. पाऊल टेकलं की रुग्णाच्या हातावर कंप जाणवायचा. सरावानंतर मेंदू फसायचा, बरं का! कंप हातावर, पण वाटायचं पाय जमिनीला लागला. निकोलेलिस सांगतात, किकनंतर ज्युलियानो म्हणाला की त्याला चेंडू जाणवला.

टीव्हीवर न दिसलेला भाग दोन वर्षांनी, २०१६ मध्ये शोधनिबंधातून आला. अपघाताला तीन ते तेरा वर्षं झालेले आठ रुग्ण, वर्षभर सराव: व्हर्च्युअल रिॲलिटी, चालवणारी यंत्रं, हा सांगाडा. सगळ्यांनाच इजेच्या खालच्या भागात थोडा स्पर्श कळू लागला, काही स्नायू इच्छेनं हलू लागले. निम्म्या रुग्णांचं निदान 'संपूर्ण' अर्धांगावरून 'अपूर्ण'वर आलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय टोपीचं, कंपाचं की वर्षभराच्या व्यायामाचं, हे वेगळं काढता येत नाही. पण या तपासण्या झाल्या तेव्हा अंगावर सांगाडा नव्हता.