गॉडझिलाच्या जुन्या संगीताचे रीइश्यू जमवायचेत? आधी मूळ टेपची चौकशी करा

‘गॉडझिला मायनस वन’ला २०२४ मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं आणि आपल्याकडच्या बऱ्याच पोरांनी मागे जाऊन १९५४ चा मूळ, ब्लॅक अँड व्हाइट ‘गॉडझिला’ शोधून पाहिला. तुम्ही पाहिला असेल तर सुरुवातीची टायटल्स विसरला नसाल. काळ्या पडद्यावर फक्त पावलांचे दणके, मग ती डरकाळी, आणि त्यामागून धावत सुटलेली व्हायोलिन्स. हे संगीत आज एलपी, सीडी, डाउनलोड आणि स्ट्रीमिंग अशा सगळ्या रूपांत मिळतं. प्रत्येकावर काही ना काही लिहिलेलं असतं: रीइश्यू, रीमास्टर, हाय-रेझ, लिमिटेड एडिशन. किमती बघितल्या तर डोळे फिरतात. म्हणून पैसे टाकण्याआधी नेमकं काय विकत घेतोय, ते फोनवरच कसं तपासायचं आणि घेतल्यावर आपल्या कोकणातल्या पावसात ते कसं टिकवायचं, हे मी इथे सांगतो. मी महाड तालुक्यातल्या तळीयेचा आहे, त्यामुळे शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे.

संगीत कोणाचं?

संगीतकार अकिरा इफुकुबे. जन्म १९१४, होक्काइडो बेटावरच्या कुशिरो गावी. हा माणूस शिकला वनशास्त्र, नोकरी केली जंगल खात्यात आणि संगीत बरंचसं स्वतःचं स्वतः शिकला. लहानपणी तिथल्या ऐनू आदिवासींची गाणी त्याने जवळून ऐकली होती. एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा, ठोकत ठोकत पुढे नेण्याची त्याची सवय तिथून आली असं मानतात. आपल्याकडे जाखडीत किंवा पालखी नाचवताना ढोल जसा एका ठेक्यावर अडून बसतो, तसंच काहीसं. युद्धाच्या काळात लाकडावरच्या संशोधनात त्याला किरणोत्सर्गाचा त्रास झाला आणि त्याचा भाऊ अशाच कामापायी गेला. अणुचाचणीमुळे जागा झालेल्या प्राण्याच्या सिनेमाला याच माणसाने संगीत दिलं, हे लक्षात ठेवून ऐका. वेगळं ऐकू येतं.

ती डरकाळीही त्याच्याच डोक्यातून निघाली. डबल बास नावाच्या मोठ्या वाद्याची तार सैल केली, चामड्याच्या हातमोज्याला राळ लावली आणि तो तारेवरून ओढला. तो आवाज टेपवर घेऊन हळू वेगात वाजवला. ना कॉम्प्युटर, ना सिंथेसायझर.

अजून एक गंमत म्हणजे गॉडझिलाची ती प्रसिद्ध धून गॉडझिलाच्या आधीची आहे. इफुकुबेने १९४८ मध्ये व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या एका रचनेत ती सापडते. पुढे २०१६ च्या ‘शिन गॉडझिला’साठी त्याचं जुनं संगीत नव्याने, स्टिरिओत वाजवून घ्यायचा प्रयत्न झाला होता. पण दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी शेवटी जुनं मोनो रेकॉर्डिंगच सिनेमात ठेवलं. कोट्यवधींच्या सिनेमात साठ वर्षांपूर्वीची टेप! मूळ टेपला किती किंमत असते ते इथे कळतं.

१९५४ ते १९७५ मध्ये तोहो कंपनीने गॉडझिलाचे १५ सिनेमे काढले. जपानच्या तेव्हाच्या सम्राटांच्या कारकिर्दीवरून त्यांना ‘शोवा’ मालिका म्हणतात. सगळ्यांचं संगीत इफुकुबेचं नाही. मासारू सातो यांचं जॅझकडे झुकणारं आहे, तर १९७१ च्या ‘हेडोरा’चं रीइचिरो मानाबे यांचं संगीत इतकं विचित्र आहे की एकतर आवडतं नाहीतर डोकं उठतं. मला आवडतं. १९६१ चा ‘मॉथ्रा’ वेगळा सिनेमा, संगीत युजी कोसेकी यांचं, आणि त्यातलं ‘द पीनट्स’ या जुळ्या बहिणींचं गाणं इतकं गाजलं की पुढच्या सिनेमांतही येत राहिलं.

जमवणाऱ्याने १९७२ च्या ‘गिगान’पासून जरा सावध राहावं. नावं इफुकुबेची आहेत, पण त्या सिनेमासाठी त्याने नवं काही लिहिलं नव्हतं. आधीच्या सिनेमांतले आणि ओसाकाच्या एक्स्पो-७० मधल्या एका दालनासाठी केलेले तुकडे उचलून वापरले होते. म्हणजे आधीचे अल्बम तुमच्याकडे असतील, तर ‘गिगान’मध्ये तुम्ही बरंचसं तेच संगीत दुसऱ्यांदा विकत घेताय. गाण्यांची यादी वाचल्याशिवाय ‘बाय नाऊ’ दाबू नका.

रीइश्यू, रीप्रेस, रीमास्टर

हे तीन शब्द दुकानदार सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

रीप्रेस म्हणजे त्याच साच्यावरून किंवा त्याच तयार मास्टरवरून पुन्हा काढलेली प्रत. रीइश्यू म्हणजे जुना अल्बम पुन्हा बाजारात आणणं. कव्हर नवं असू शकतं, कंपनी नवी असू शकते, गाणी वाढलेली असू शकतात. रीमास्टर म्हणजे मूळ टेपकडे, किंवा निदान तिच्या जवळच्या कॉपीकडे, परत जाऊन आवाज नव्याने तयार करणं. खरखर काढणं, उंच-खालचे सूर सावरणं वगैरे. रीइश्यू असलं की रीमास्टर असेलच असं नाही आणि रीमास्टर असलं की चांगलंच असेल असंही नाही.

सिनेमाच्या संगीतात अजून एक अडचण असते. ते अल्बम म्हणून रेकॉर्डच झालेलं नसतं. प्रसंगानुसार छोटे छोटे तुकडे वाजवतात, कधी वीस सेकंदांचा, कधी तीन मिनिटांचा, आणि त्यांना एम-१, एम-२ असे नंबर देतात. हे तुकडे स्टुडिओच्या कपाटात सुटे टिकले असतील तरच शुद्ध संगीत मिळतं. नसतील तर सिनेमाच्या पट्टीवरून आवाज उचलावा लागतो आणि मग व्हायोलिनसोबत किंकाळ्या, रणगाडे, संवाद सगळं येतं. म्हणून अल्बमच्या माहितीत ‘मूळ टेपवरून’ असं स्पष्ट लिहिलंय का, आणि कोणी मास्टर केलं त्याचं नाव दिलंय का, हे आधी बघा. दोन्ही गायब असेल तर मी पुढे जातो.

टेप टिकणं किती नशिबाचं असतं ते आपल्याला सांगायला नको. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा, आज त्याची एकही प्रत नाही. २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि जुनी नायट्रेट रिळं जळून गेली. तोहोने टेप सांभाळल्या म्हणूनच अमेरिकेतली वॅक्सवर्क रेकॉर्ड्स ही कंपनी पंधराही सिनेमांचं संगीत १८ एलपींच्या एका पेटीत काढू शकली. ती पेटी माझ्या आवाक्याबाहेरची आहे, हे सांगून टाकतो.

फोनवर काय तपासायचं

डिस्कॉग्ज ही साइट उघडा. तिथे एकाच अल्बमच्या प्रत्येक देशातल्या, प्रत्येक वर्षीच्या प्रतीची वेगळी नोंद असते. विक्रेत्याकडून तीन फोटो मागवा: कव्हरची मागची बाजू, मधलं लेबल, आणि तबकडीवर गाणी संपल्यावर लेबलभोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो त्याचा. त्या पट्ट्यात बारीक कोरलेला नंबर असतो. कव्हर कोणीही छापू शकतो, हा नंबर डिस्कॉग्जच्या नोंदीशी जुळला पाहिजे. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा. ‘साठच्या दशकातली ओरिजिनल’ म्हणून विकतायत आणि मागे बारकोड आहे? मग ती तेव्हाची नाही, तेव्हा बारकोड नव्हतेच. जपानी प्रतीवर कव्हरला उभी कागदी पट्टी असते, तिला ओबी म्हणतात, म्हणजे किमोनोवरचा कमरपट्टा. ती असेल तर भाव वाढतो, पण आवाजात काडीचा फरक पडत नाही. बाहेरून मागवताना कुरिअर आणि कस्टम ड्युटी वेगळी लागते, ती धरूनच हिशोब करा.

आता हाय-रेझ. सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात, माणसाचा कान साधारण २० पर्यंत ऐकतो. १९५४ चा सिनेमा मोनो होता आणि त्या काळच्या फिल्मवरच्या ध्वनिपट्टीत फार उंच सूर मावायचेच नाहीत. मग त्याच संगीतासाठी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फाइलला जास्त पैसे का द्यायचे? मी देत नाही. फ्लॅक फॉरमॅटमध्ये सीडीचा दर्जा पुरे.

नेटवर खोटी फ्लॅक पकडायची एक युक्ती फिरते: फाइलचा स्पेक्ट्रम बघा, १६ किलोहर्ट्झच्या वर रिकामं असेल तर ती एमपी-थ्रीवरून बनवलेली. नव्या गाण्यांना ती ठीक आहे. या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा भाग मुळातच रिकामा असू शकतो, त्यामुळे खऱ्या फाइललाही लोक खोटी ठरवतात. त्यापेक्षा कानाने ऐका. इफुकुबेच्या संगीतात शांततेतून एकदम पितळी वाद्यं उसळतात. सगळंच सारख्या मोठ्या आवाजात ऐकू येत असेल, तर रीमास्टर करणाऱ्याने आवाज दाबून फुगवलाय. मोनो रेकॉर्डिंग डाव्या-उजव्या कानात वेगवेगळं ऐकू येत असेल, तर तो नकली स्टिरिओ. ही परीक्षा वायरवाल्या हेडफोनवर घ्या. ब्लूटूथ आवाज परत दाबून पाठवतो, मग दोष फाइलचा की हेडफोनचा ते कळत नाही.

आपलं किती, भाड्याचं किती

स्ट्रीमिंग ॲपमध्ये डाउनलोडचं बटण दाबलं की फाइल फोनमध्ये येते, पण ती कुलूपबंद. सबस्क्रिप्शन संपलं किंवा कंपनीचा करार संपला की गाणं करडं पडतं. आमच्याकडे पावसात लाइट गेली की टॉवरही बसतो, तेव्हा तर ॲप लॉगिनच मागत बसतं. ऐकून निवडायला स्ट्रीमिंग उत्तम आहे. जमवायचं ते मात्र सीडी किंवा विकत घेतलेली फ्लॅक. काही एलपींसोबत डाउनलोडचा कोडही येतो, तो लगेच वापरा. चाळीस मिनिटांचा अल्बम सीडीच्या दर्जात सुमारे ४०० एमबी होतो, फ्लॅकमध्ये साधारण निम्मा. म्हणजे पंधराही सिनेमे ६४ जीबीच्या मेमरी कार्डात आरामात बसतात.

एलपीचा मोह मलाही आहे. पण जूनपासून चार महिने आमच्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे पुठ्ठ्याच्या कव्हरचं काय होणार? ठेवायच्याच असतील तर उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका, आत प्लास्टिकचं पातळ पाकीट घाला, सिलिका जेलच्या पुड्या टाका. पत्र्याखालच्या माळ्यावर अजिबात नको, मे महिन्यात वाकतात. आजोबांच्या काळातल्या लाखेच्या, ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या घरात असतील तर त्या स्पिरिटने कधीच पुसू नका, लाख विरघळते.

आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. आमच्या तळीयेत २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली. त्यानंतर माझ्या ओळखीच्या एका घराला त्यात गेलेल्या आजीचा फोटो हवा होता. अल्बम मातीखाली, फोनही मातीखाली. शेवटी मुंबईतल्या पुतण्याच्या व्हॉट्सॲपमध्ये एका लग्नाच्या फोटोत ती मागच्या रांगेत उभी सापडली. तो तुकडा कापून, मोठा करून फ्रेम केला. चेहरा जरा धूसर आहे.

बॅकअपसाठी ३-२-१ नावाचा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. माझ्याकडे फोनचं कार्ड, एक हार्ड डिस्क, आणि डोंबिवलीला भावाच्या घरी एक पेनड्राइव्ह आहे. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं पडून राहिला तर बिघडू शकतो, म्हणून गणपतीत भाऊ गावी येतो तेव्हा तो सोबत आणतो, मी तपासून नवीन भरून देतो. त्यात पहिला फोल्डर घरच्यांच्या फोटोंचा आहे, गॉडझिला दुसरा.