भिंतीवरचा बिंदू

अमूर्त चित्रकला ही पाश्चात्त्यांची उसनवारी, असा आक्षेप आपल्याकडे जुना आहे. तो तपासण्यासाठी विदर्भाबाहेर फार दूर जावे लागत नाही. १९९८ पर्यंत मंगरूळपीर ज्या अकोला जिल्ह्यात होते, त्या अकोल्यात १९२२ साली चित्रकार अंबादास जन्मले. त्यांच्या चित्रांत भूमितीला थारा नाही. तेथे रंगच वाहतो, वळतो. त्याच वर्षी मंडला जिल्ह्यातील बाबरिया गावी सय्यद हैदर रझा यांचा जन्म झाला. पुढे त्यांनी मात्र वर्तुळ आणि त्रिकोण हीच आपली भाषा केली.

रझांचे वडील वनखात्यात होते. ककैयाच्या शाळेत या चंचल मुलाला नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढून दिला आणि त्यावर नजर स्थिर करावयास सांगितले. तो धडा उमलायला जवळजवळ अर्धशतक लागले. १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत आणि त्यानंतर मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले रझा तेव्हा निसर्गदृश्ये रंगवीत. १९४८ साली काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी ती पाहून, चित्रांत बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा, असे स्पष्ट सांगितले. १९५० साली रझा पॅरिसला गेले. रंग त्यांच्या हाती होताच. भूमिती त्यांनी कष्टाने कमावली.

तरीही सत्तरच्या दशकात त्यांना आपल्या चित्रांत काही उणे वाटू लागले. मायदेशी येऊन त्यांनी अजिंठा-वेरूळ पुन्हा पाहिले आणि १९८०च्या सुमारास कॅनव्हासवर काळा बिंदू अवतरला. रशियातील मालेविचनेही १९१५ साली काळा चौकोन रंगविला होता. तेथे वस्तूंचे जग मिटते. रझांच्या काळ्यातून मात्र रंग फुटतात. लाल, पिवळा, निळा, पांढरा त्याभोवती पंचमहाभूतांसारखे उभे राहतात. मोंद्रियानच्या सरळ रेषांत तिरक्या रेषेला मज्जाव होता. रझांचा त्रिकोण तिच्यावरच उभा आहे.

उत्तरकाळात या बिंदूची पुनरावृत्ती झाली, हे मान्य करावयास हवे. बाजारात मागणी वाढली की चित्रकाराच्या हाताला सवय लागते. पण १९८०च्या दशकातील चित्रांपुढे क्षणभर थांबले की गुरुजींची भिंत आठवते.

२०१६ साली दिल्लीत रझांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी, त्यांचे दफन करण्यात आले.