फैलाकावरचं बिनवैमानिकाचं विमान

कुवेत शहराच्या किनाऱ्यापासून साधारण 20 किलोमीटरवर फैलाका बेट आहे. ग्रीक काळातल्या वस्तीचे अवशेष, 1990 नंतर ओस पडलेली घरं आणि थंडीत सहलीला निघणाऱ्या बोटी. कुवेतकर मंडळी, तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिलं असेल. तिथे 1991 मध्ये घडलेली एक गोष्ट मात्र आपल्या गप्पांत फारशी निघत नाही.

आखाती युद्धाच्या अखेरीस ‘विस्कॉन्सिन’ या अमेरिकी युद्धनौकेवरून पायोनियर नावाचं मानवरहित विमान फैलाकावर घिरट्या घालू लागलं. पंखांचा पसारा पाच मीटर, वजन सुमारे 200 किलो. शस्त्र एकही नाही, फक्त कॅमेरा. पण खालच्या इराकी सैनिकांना अनुभवाने ठाऊक झालं होतं, की हे आलं की पाठोपाठ तोफगोळे येतात. ते बाहेर आले आणि पांढरी फडकी हलवू लागले. माणसं बिनवैमानिकाच्या विमानाला शरण गेल्याचा हा पहिला प्रसंग, असं सांगितलं जातं.

युद्धाच्या पुस्तकांत गोष्ट इथे संपते. मला मात्र त्या वरच्या आभाळाचं नवल वाटतं. त्यात एकही प्रवासी विमान नव्हतं. 2 ऑगस्ट 1990 च्या पहाटे, हल्ला सुरू असतानाच, लंडनहून मद्रासमार्गे क्वालालंपूरला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं 149 क्रमांकाचं विमान कुवेतला उतरलं आणि तिथेच अडकलं. त्यानंतर आपल्या बहुतेक माणसांना या विमानतळावरून घरी जाता आलं नाही. बसरा, बगदाद, वाळवंट असं करत ती अम्मानला पोचली. तिथून एअर इंडियाने दोन महिन्यांत 488 फेऱ्यांमध्ये 1 लाख 70 हजारांहून अधिक भारतीयांना मुंबईला आणलं. कुवेतमध्ये तेव्हा राहिलेल्या कुणालाही विचारा, आभाळ बंद होणं म्हणजे काय ते सांगतील.

तेव्हा पायोनियर सुरक्षित उडालं, कारण आजूबाजूला नागरी वाहतूकच नव्हती. खरा प्रश्न वेगळा आहे. त्याच आभाळातून मुंबईचं विमान दोनशे माणसं घेऊन उतरत असेल, तर?

हे आभाळ वाटून घेण्याची सुरुवात कुवेतमध्ये बरीच जुनी. 1932 च्या ऑक्टोबरात इम्पीरियल एअरवेजने आपला भारताकडचा मार्ग इराणी किनाऱ्यावरून अरबी किनाऱ्यावर आणला आणि कुवेत, बहारीन, शारजा हे थांबे त्यावर आले. त्याच महिन्याच्या 15 तारखेला जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला टपाल घेऊन निघाले. त्या काळी टक्कर टाळायचं साधन एकच होतं: वैमानिकाचे डोळे. बघा आणि बाजूला व्हा. पुढे रेडिओ आले, रडार आलं, तरी शेवटचा भरवसा त्या डोळ्यांवरच राहिला.

आणि बिनवैमानिकाच्या विमानात नेमके तेच नसतात. ही अडचण आजची नाही. 1919 च्या पॅरिस करारात 1929 मध्येच यासाठी दुरुस्ती सुचवली गेली. 1944 च्या शिकागो कराराचं आठवं कलम सांगतं, की असं विमान दुसऱ्या देशावरून खास परवानगीशिवाय उडवू नये आणि ज्या देशांतून नागरी विमानं उडतात त्यांनी धोका टळेल अशी व्यवस्था करावी. कुवेतही 1960 मध्ये या व्यवस्थेत आला.

ती व्यवस्था पुढची कित्येक वर्षं म्हणजे कुंपण. आभाळाचा एक तुकडा वेगळा काढायचा आणि इतरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. पण कुंपण चुकतं. 30 ऑगस्ट 2004 ला काबूलवर जर्मन सैन्याचं सुमारे 40 किलोचं लूना हे ड्रोन एरियाना अफगाणच्या प्रवासी एअरबसच्या इतकं जवळ गेलं, की विमानामागच्या हवेच्या भोवऱ्याने ते कोसळलं. एअरबस बचावली. 12 जून 2016 ला तर कुणीतरी परवानगीशिवाय उडवलेल्या ड्रोनमुळे दुबईचा विमानतळ तासाभराहून अधिक वेळ बंद होता. तिथे कुंपण होतंच, उडवणाऱ्याला त्याची पर्वा नव्हती.

मग प्रत्येक ड्रोनवर विमानांसारखं ठावठिकाणा सांगणारं यंत्र बसवावं, हे लगेच सुचतं. मलाही सुचलं होतं. पण हजारो ड्रोन एकाच लहरीवर बोलू लागले तर खऱ्या विमानांचाच आवाज त्या कलकलाटात बुडेल. म्हणून अमेरिकेने 2021 च्या नियमांत छोट्या ड्रोनना विमानांचं एडीएस-बी हे यंत्र वापरायला जवळजवळ मनाईच केली आणि ओळख सांगायला वेगळी, कमी पल्ल्याची लहर दिली. थोडक्यात, खालच्या मजल्यावर आपसांत बोला, वरच्या मजल्यावर गोंगाट नको.

भारताचा प्रवास जास्त गमतीचा. 2014 मध्ये सरसकट बंदी, 2018 मध्ये परवानग्यांची लांबलचक माळ आणि ऑगस्ट 2021 मध्ये एकदम मोकळीक. नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे पडले. हिरव्यात 120 मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा 45 किलोमीटरवरून 12 वर आला. विदर्भातल्या शेतकऱ्याला फवारणीसाठी हे पुरतं.

कुवेतमध्ये तेवढी ऐसपैस जागा कुठली? देश जेमतेम 17,818 चौरस किलोमीटरचा, विमानतळ शहराला खेटून, पश्चिमेला अली अल सालेमचा लष्करी तळ, वर तेलाची ठाणी. आणि धुळीचा दिवस असला की वैमानिकाला समोरचं मोठं विमान दिसणंही कठीण, तिथे हातभर ड्रोनचं काय? इथे परवान्याशिवाय ड्रोन उडवता येत नाही, ते उगाच नव्हे. सप्टेंबर 2019 मध्ये राजवाड्याजवळ ड्रोन दिसल्याच्या बातमीने सगळा देश सावध झाला होता.

तेव्हा फैलाकाच्या सहलीला बॅगेत ड्रोन टाकण्याआधी परवान्याची चौकशी करा. आणि गावाकडच्या पुतण्याने ‘काका, येताना एक घेऊन या’ म्हटलं, तर त्याला आताच सांगून टाका: फेब्रुवारी 2022 पासून भारतात परदेशी ड्रोन आणायला बंदी आहे.