वितळतारेपासून एमसीबीपर्यंत

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात फ्यूजसाठी ‘वितळतार’ असा शब्द होता. इतका नेमका पारिभाषिक शब्द क्वचितच सापडतो. बाकीच्या तारांनी टिकायचे आणि हिने वेळ येताच वितळून जायचे, अशी तिची नेमणूक. आमच्या गोवंडीत तिला या नावाने कोणी हाक मारली नाही. इथे पूर्वी ‘फ्यूज उडाला’ म्हणत, आता ‘एमसीबी पडला’ म्हणतात. या दोन वाक्यांच्या मागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

१८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये घरोघर वीज द्यायला सुरुवात केली, त्या काळातच एक धोका लक्षात आला होता. तारेतून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहिला की ती तापते, आणि तापलेली तार घर पेटवते. उपाय साधा होता. चांगल्या तारेच्या वाटेत मुद्दाम एक दुबळी तार घालायची. भार वाढला की ती आधी वितळेल आणि प्रवाहाची वाट तुटेल. घर वाचवणारी ही पहिली युक्ती.

मुंबई बेटावर वीज आणणारी ट्राम कंपनी १९०५ साली निघाली. तीच पुढे ‘बेस्ट’ झाली. उपनगरांसाठी १९२९ साली ‘बॉम्बे सबर्बन’ कंपनी स्थापन झाली. तिचे जाळे पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ साली अदानींकडे गेले. १९५६ साली तुर्भ्याला टाटांचे औष्णिक केंद्र सुरू झाले, म्हणजे वीज आमच्या उशाशीच तयार होऊ लागली. शिवाजीनगर, बैंगनवाडीची आखणी पालिकेने त्यानंतर, १९७० च्या दशकात केली. प्लॉट दहा बाय पंधरा फुटांचे. १९७६ साली, आणीबाणीत, अणुशक्ती केंद्राजवळची जनता कॉलनी उठवून तिथल्या लोकांना चीता कॅम्पात बसवले. अशा वस्त्यांत घर आधी उभे राहते आणि वायरिंग मागाहून, जमेल तसे होते. एका मीटरवरून दोन-तीन घरांना तार ओढलेली असे.

त्या तारेवर सुरुवातीला एक बल्ब आणि एक पंखा होता. साठ वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर घेतो. पुढे इस्त्री आली, तिला चार अँपिअरांहून जास्त लागतात. मग टीव्ही, फ्रिज, मिक्सर आले. पोटमाळ्यावर जरीचा कारखाना निघाला, त्याच्या ट्यूबलाइट आल्या. तार मात्र तीच राहिली. फ्यूज वरचेवर उडू लागला तेव्हा लोकांनी चिनीमातीच्या कटआऊटमध्ये जाड तार पिळून घातली. फ्यूज उडायचा थांबला. पण ज्या तारेने आधी वितळायचे तिला अमर केल्यावर तापायची पाळी भिंतीतल्या तारेवर येते.

ही पळवाट बंद केली एमसीबीने. जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो श्टॉट्झ यांनी १९२४ साली त्याचे पेटंट घेतले. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. भार वाढत राहिला की ती तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्टसर्किट झाले तर विद्युतचुंबक तो क्षणात पाडतो. वितळत काही नाही, म्हणून तार बदलायचा प्रश्न नाही. तरी आपण नवी पळवाट काढतोच: सहा अँपिअरचा पडतो म्हणून बत्तीसचा बसवतो. जाड तार पिळण्यासारखेच ते.

पण फ्यूज काय, एमसीबी काय, दोन्ही रक्षण करतात ते तारेचे. माणसाच्या शरीरातून एक दशांश अँपिअर गेला तरी जीव जाऊ शकतो. हा प्रवाह साठ वॅटच्या बल्बाच्या निम्माही नाही. सहा अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलसुद्धा लागत नाही. विजेच्या हिशेबात माणूस बल्बाहून लहान आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी माणसाला किती प्रवाह सोसतो याचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६१ साली गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण तयार केले. आपल्याकडचा आरसीसीबी त्याच जातीचा. तो जाणारा आणि परत येणारा प्रवाह ताडून पाहतो. तीस मिलिअँपिअरचा, म्हणजे त्या बल्बाच्या सुमारे नवव्या हिश्श्याचा फरक पडला तरी वीज तोडतो. पत्र्याच्या भिंती, बाहेरून चढायची लोखंडी शिडी आणि पावसाळ्यात दारात पाणी अशा वस्तीत त्याची गरज बंगल्यापेक्षा जास्त. एमसीबीची जागा मात्र तो घेत नाही. दोन्ही हवेत, आणि अर्थिंगही हवे. दोन्ही तारा एकदम हातात आल्या तर तोही ओळखणार नाही.

एमसीबी पडला तर घरातली सगळी बटणे बंद करून, प्लग काढून तो एकदा वर करावा. लगेच पडला तर दोष वायरिंगमध्ये आहे. पुन्हा रेटू नये, परवानाधारक वायरमनला बोलवावे. टिकला तर एकेक वस्तू लावून पाहावी. जिने तो पडेल ती वस्तू दोषी, किंवा सगळ्यांचा मिळून भार जास्त. जळका वास आला तर आधी मेन बंद. आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का पाहावे. कोणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नये. आधी मेन बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकलावे. मेन कुठे आहे आणि तो कसा पाडायचा, हे घरातल्या म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांना आजच दाखवून ठेवावे.