हलक्या आवाजाचे गाणे

आमच्या निजामपुऱ्यात मोठ्याने बोलणे हा स्वभाव नव्हे, गरज आहे. यंत्रमागांची खडखड चालू असताना शेजाऱ्याला हाक मारायची तर नाटकातल्या राजासारखा आवाज लावावा लागतो. म्हणूनच की काय, गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आजोबांचा किल्लीचा ग्रामोफोन आणि जी. एन. जोशींची तबकडी सापडली, तेव्हा मला विशेष आनंद झाला.

मराठी गाण्याला हलका आवाज फार उशिरा लाभला. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. तेव्हापासून पुढली कित्येक वर्षे पद म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेच पाहिजे असे गाणे. तबकडीसाठी गातानाही कर्ण्यापुढे उभे राहून जोर लावायचा, कारण त्या आवाजाच्याच धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरीत असे! १९२५ साली पाश्चात्य देशांत विजेचे ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि गायकापुढे मायक्रोफोन आला. आता उसासाही टिपला जाऊ लागला. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे गायक कानाशी बोलल्यासारखे गाऊ लागले. आपल्याकडे १९३० नंतर थोड्याच वर्षांत जोशींनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' गायिली आणि भावगीत घरोघर गेले.

गजाननराव वाटवे (१९१७–२००९) यांनी तर कवीची कविता घ्यावी, स्वतःच चाल लावावी, पेटी पुढे ओढून स्वतःच गावी. तानांची आतषबाजी नाही. कवितेतली संध्याकाळ श्रोत्याभोवती उतरावी, एवढाच आग्रह. याला गायन म्हणावे की नुसते म्हणणे, असे विचारणारे विचारोत! पुढे खळे-पाडगांवकरांचा 'शुक्रतारा' अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांच्या गळ्यातून आला, तोही याच वाटेने.

गंमत अशी, की ज्या विजेने हा मंद स्वर टिपला, तिनेच आमच्या भिवंडीतला हातमाग मागे सारून यंत्रमाग आणला.

परवा रात्री वीज गेली. सारे माग एकदम थांबले. मी ग्रामोफोनला किल्ली दिली. पलीकडच्या कारखान्यातला कामगार घाम पुसत दारात आला आणि तबकडी संपेपर्यंत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "कौन गा रहा था, मास्टरजी?"

मी नाव सांगितले. पण तेवढ्यात वीज आली, आणि ते त्याला ऐकू गेले नाही.