घडणावळ म्हणजे काय? हाताने घडवलेला दागिना आणि त्यामागचा कारागीर

इन्स्टाग्रामवर टेराकोटाच्या झुमक्यांचा फोटो येतो. खाली ठरलेल्या कमेंट असतात. 'प्राइस प्लीज', 'खूप सुंदर', आणि किंमत कळली की 'मातीच्या दागिन्याला इतके?' हा तिसरा प्रश्न नवा नाही. सोनाराच्या दुकानात बसून घडणावळ कमी करून मागणाऱ्या आपल्या आजी-पणजीनेही तोच विचारला होता. दागिन्यात आपल्याला माल दिसतो, त्यावर घालवलेले तास दिसत नाहीत.

वर्धा शहराला खेटून असलेल्या सिंदी (मेघे) सारख्या गावात या प्रश्नाला वेगळं वजन येतं. (सेलू तालुक्यातलं सिंदी (रेल्वे) वेगळं. पार्सल पाठवताना या दोन नावांचा घोळ होऊ शकतो.) पिपरी, बोरगाव, सावंगी ही शेजारची गावंही अशीच, नावापुढे 'मेघे' लावणारी आणि शहरात मिसळत चाललेली. अशा ठिकाणी घरातल्या टेबलावर माती, खणाचं कापड किंवा मणी घेऊन दागिने करणाऱ्या व्यक्तीला मोठ्या सराफ बाजारात गाळा घेणं परवडत नाही. तिचं दुकान म्हणजे तिचा मोबाइल. त्यामुळे तिथे होणारी घासाघीस, तिथे होणारी नक्कल आणि तिथे मिळणारी दाद यांवर तिचा महिना ठरतो.

सराफ कोण, सोनार कोण?

बोलताना आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण सराफ दागिन्यांचा व्यापार करतो आणि सोनार दागिना घडवतो. काही घरांत दोन्ही कामं एकच माणूस करत आला, पण मोठ्या पेढ्यांमध्ये ही दोन टोकं कधीच वेगळी झाली. पेढीचं नाव पाटीवर, पावतीवर, डबीवर असतं. घडवणारा मागच्या खोलीत किंवा दुसऱ्याच गल्लीत बसलेला असतो, आणि तो महाराष्ट्राचाच असेल असंही नाही. मुंबईच्या झवेरी बाजारात बारीक काम करणारे कितीतरी कारागीर बंगालमधून आलेले आहेत. उलट सांगलीच्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले लोक सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभरातल्या शहरांत पोहोचले आहेत.

एका दागिन्यामागे अशा कितीतरी हातांची साखळी असते. एक जण मुशीत धातू वितळवतो. एक जण जंतरातून, म्हणजे भोकांच्या पोलादी पट्टीतून, तार ओढून बारीक करतो. कोणी टाके लावतो, कोणी खडे बसवतो, कोणी उजाळा देतो. मंगळसूत्र गाठवणारा पटवेकरी वेगळा. सोनाराच्या दुकानातली धूळ, राख धुऊन त्यातले सोन्याचे कण शोधणाऱ्याला मराठीत झारेकरी असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या धंद्यात केरसुद्धा विकला जातो, तिथे घडवणाऱ्याचं नाव मात्र कुठे नोंदवलं जात नाही.

ठुशीचा एक मणी

ठुशी पाहिली की ती ठासून भरलेल्या सोनेरी मण्यांची एक सलग पट्टी वाटते. पारंपरिक पद्धतीत त्यातला पोकळ मणी कसा होतो ते पाहा. आधी पत्रा पातळ करायचा. त्याच्या टिकल्या कापायच्या. खळगे असलेल्या ठोकळ्यावर ठोकून प्रत्येक टिकलीची वाटी करायची. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून टाका द्यायचा, जास्त आच लागली तर वाटी वितळते आणि कमी लागली तर सांधा धरत नाही. मग घासून सांधा दिसेनासा करायचा. हा झाला एक मणी. ठुशीत असे मणी ओळीने, रांगांवर रांगा बसवलेले असतात.

बोरमाळेसारख्या दागिन्यांत पोकळ मण्यात लाख भरण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे कमी सोन्यात मोठा मणी होतो आणि तो चेपत नाही. घरात असा दागिना असेल तर तो स्वच्छ करायला गरम पाण्यात टाकू नये, लाख मऊ पडते. दुरुस्तीला देतानाही आत लाख आहे हे आधी सांगावं.

कोल्हापुरी साजात २१ पानं असतात असं सांगतात. १० दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, २ माणिक आणि पाचूची, आणि मधला ताईत. प्रत्येक पानावर मासा, कासव, कमळ असा छोटा आकार ओळखू येईल इतका उमटवायचा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच हुपरीत चांदीचं काम घराघरांत वाटलेलं आहे. पैंजणाची साखळी एका घरात जोडली जाते, घुंगरू दुसऱ्या घरात बसतात, उजाळा तिसरीकडे होतो. या कामात बायकांचा वाटा मोठा आहे आणि मजुरी बहुतेक वेळा नगावर किंवा वजनावर ठरते. शोरूममध्ये पैंजण उचलताना 'हा कोणी केला' असं विचारलं, तर एका नावाचं उत्तर देताच येणार नाही.

घडणावळ म्हणजे नेमकं काय

सोन्याच्या पावतीत साधारण तीन गोष्टी असतात: सोन्याचा भाव, घडणावळ (मजुरी) आणि ३ टक्के जीएसटी. काही ठिकाणी घट वेगळी लावतात, म्हणजे घडवताना झीज होऊन गेलेल्या सोन्याची भरपाई. दागिना मोडायला नेला की सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत. म्हणूनच 'घडणावळ म्हणजे वाया गेलेले पैसे' असा समज घरोघरी पक्का झाला. गुंतवणूक म्हणून पाहिलं तर तो हिशेब बरोबर आहे. पण हाताचं काम तपासण्याची सवय त्यात सुटली.

घडणावळीचे सगळे पैसे कारागिराला मिळतात असंही समजू नये. पेढीचं भाडं, जाहिरात, नफा यांतला काही भाग त्यातूनच निघतो.

हॉलमार्कबद्दलही एक गैरसमज आहे. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून पाहता येतो. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेले छोटे व्यावसायिक, २ ग्रॅमपेक्षा हलके दागिने, आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना यातून सूट आहे. हॉलमार्कवरून शुद्धता कळते. दागिना हाताने घडवला की यंत्रात छापला, आणि कोणी घडवला, हे त्यावरून कळत नाही.

सोनारांचं १९६३ साल

कारागिराचा विचार न करता घेतलेला निर्णय काय करू शकतो, याचं मोठं उदाहरण सुवर्ण नियंत्रणाचं आहे. १९६२च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई होती, सोन्याची तस्करी वाढली होती. जानेवारी १९६३मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी आली. १४ कॅरेट म्हणजे साधारण ५८ टक्के सोनं. आपल्याकडचे दागिने २२ कॅरेटचे, म्हणजे जवळपास ९२ टक्क्यांचे. १४ कॅरेटचा धातू कडक, वेगळ्या तऱ्हेने वागणारा, आणि गिऱ्हाइकाला नको असलेला.

हातात दुसरं कौशल्य नसलेले हजारो सोनार एका झटक्यात रिकामे झाले. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, मोर्चे निघाले, संसदेत वाद झाले. पुढे नियम सैल झाले, पण १९६८च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने परवाने, प्रमाणपत्रं आणि जवळ किती सोनं ठेवायचं याच्या मर्यादा चालूच ठेवल्या. तो कायदा १९९०मध्ये रद्द झाला. व्यापाऱ्याकडे तग धरायला भांडवल होतं, घडवणाऱ्याकडे नव्हतं.

वर्ध्याचा एक विरोधाभास

दागिन्यांविषयी लिहिताना वर्धा आठवावं हे जरा गमतीचं आहे. गांधीजी सभांमध्ये बायकांकडे दागिने मागत. जानेवारी १९३४मध्ये केरळातल्या वडकरा इथे कौमुदी नावाच्या मुलीने अंगावरचे दागिने काढून दिले आणि पुन्हा घालणार नाही असं सांगितलं, तो प्रसंग त्यांनी लिहूनही ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीतून त्याचं काम पाहिलं. ३० डिसेंबर १९३८ला मगन संग्रहालय उघडलं. हातकागद, घाणीचं तेल, मधमाशापालन हे तिथले विषय. दागिने त्यात नव्हते. पण वस्तू घेताना ती कुठून आली, कोणी केली आणि त्याला काय मिळालं हे विचारण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरही आहे, ही कुमारप्पांची मांडणी झुमक्यांनाही लागू पडते. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि ग्रामीण हस्तकला व अभियांत्रिकी हा तिचा एक विभाग आहे.

३५० रुपयांचा हिशेब

आता पुन्हा त्या मातीच्या झुमक्यांकडे येऊ. विदर्भातली काळी कपाशीची माती वाळताना आक्रसते आणि भेगाळते, त्यामुळे ती तशीच वापरून बारीक दागिना होत नाही. योग्य माती आणायची, चाळायची, भिजवायची, मळायची. आकार दिल्यावर सावलीत सावकाश वाळवायची. एप्रिल-मेच्या उन्हात ती फार लवकर वाळून तडकते आणि पावसाळ्यात दिवसेंदिवस ओली राहते. मग भाजणं, रंग, हूक.

समजा, एका जोडीला सगळे मिळून चार तास लागले. माती, रंग, हूक यांचे ६० रुपये आणि डबीचे २५. जोडी ३५० रुपयांना गेली तर हाती २६५ उरतात, म्हणजे तासाला सुमारे ६६ रुपये. 'ताई, २५०ला द्या ना' हे मान्य केलं की १६५ उरतात, तासाला ४१. भाजताना तडकलेल्या जोड्या, फोटो काढण्याचा आणि मेसेजना उत्तरं देण्याचा वेळ यात धरलेला नाही. कॅश ऑन डिलिव्हरी मागवून दारात पार्सल नाकारलं, तर कुरिअरचा खर्चही तिच्याच अंगावर.

हाताने घडवलेलं की हाताने जोडलेलं?

'हँडमेड' लिहिलेलं सगळंच हाताने घडवलेलं नसतं. घाऊक बाजारातून तयार नग आणून स्वतःचं म्हणून विकणारे आहेत. तयार मणी, तयार पेंडंट आणून कल्पकतेने ओवणारेही आहेत. दुसरं काम प्रामाणिक आहे, फक्त ते जुळवणीचं आहे हे सांगितलेलं बरं. शिवाय मधल्या छटाही आहेत. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी, वाणगाव भागात दागिन्यांच्या डाया, म्हणजे पोलादी साचे, कोरणारे कारागीर आहेत. त्या साच्यातून निघणारा दागिना यंत्राचा, पण साच्यावरची नक्षी माणसाच्या हाताची.

ओळखायचं कसं? जोडीतले दोन झुमके शेजारी धरून पाहावेत, हाताच्या कामात किंचित फरक असतो. मागची बाजू पाहावी. साच्याची सलग शिवण दिसते का, टाके कसे आहेत, हूक कोणत्या धातूचा आहे हे विचारावं, कान चिघळणाऱ्यांनी तर नक्कीच. सर्वात सोपा उपाय म्हणजे 'हे कसं करता' असं विचारणं. करणारी व्यक्ती बहुधा हौसेने, तपशिलात सांगते.

स्क्रीनशॉटचं काय?

एका कारागिराच्या डिझाइनचा स्क्रीनशॉट दुसऱ्याला पाठवून 'सेम करून द्या, पण स्वस्तात' असं सांगणं आता सर्रास चालतं. कायदा इथे छोट्या कारागिराला थोडाच आधार देतो. डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी केली तर १० वर्षं आणि पुढे आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं, पण प्रत्येक झुमक्याची नोंदणी कोण करणार? आणि नोंदणी करता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार त्याच्या ५०पेक्षा जास्त वस्तू तयार झाल्यावर त्यावरचा कॉपीराइटही संपतो. ठुशी, साज, नथ यांचे पारंपरिक आकार अर्थातच कोणा एकाचे नाहीत.

श्रेयाच्या बाबतीत मात्र समाजमाध्यमांचा दाब चालतो. जून २०२५मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९पासून जीआय मानांकन आहे. भारतातून टीका झाल्यावर त्या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं कंपनीने मान्य केलं.

घरगुती कारागिराच्या बाबतीत हेच लहान प्रमाणावर करता येतं. लग्नातला फोटो टाकताना साडीच्या दुकानासोबत कानातले करणाऱ्यालाही टॅग करावं. 'छान' याऐवजी 'सहा तास घातले, कान दुखले नाहीत' असं लिहिलं तर पुढच्या गिऱ्हाइकाला ते उपयोगी पडतं. लग्नसराई किंवा संक्रांतीच्या हळदी-कुंकवाची वाणं हवी असतील तर दीड-दोन महिने आधी सांगावं आणि थोडी आगाऊ रक्कम द्यावी. माल आणायला तिला तीच रक्कम लागते.

कारागिरांसाठीच्या योजनांची माहिती कोणी विचारली तर दोन नावं सांगता येतील. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात सोनार आणि कुंभारही येतात. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, आणि आधी १ लाख व नंतर २ लाख असं ५ टक्के व्याजाचं कर्ज त्यातून मिळू शकतं. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. दुसरं म्हणजे केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून मिळणारं 'पहचान' ओळखपत्र.

दागिना तुटला तर फेकण्याआधी ज्याच्याकडून घेतला त्याला फोटो पाठवावा. हूक बदलणं, दोरा नव्याने गाठवणं ही दहा-पंधरा मिनिटांची कामं असतात. टेराकोटावर अत्तर किंवा पाणी पडू देऊ नये, चांदी काळी पडली तर मऊ कापडाने पुसावी, आणि दुरुस्तीचे पैसे किती ते आधीच विचारून द्यावेत.